आपली पैज आणि दुसऱ्याचा जुगार



व्याख्यानाचा विषय काय ठेवायचा असे मालेच्या चिटणीसांनी विचारले तेव्हा आम्ही 'जुगार' एवढा एकच शब्द सांगितला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "विरुद्धच बोलणार ना?" आम्ही "बघू" म्हटले. त्यामुळेच की काय, आज ते पहिल्या रांगेत अगदी टोकाला, व्यासपीठावर चटकन चढता येईल अशा बेताने बसले आहेत. त्यांनी निश्चिंत असावे. पण जुगाराविरुद्ध बोलण्याचा आम्हांला अधिकार किती, ही शंका आमचीच आम्हांला आहे, आणि ती आधी उघड करणे बरे.

गेली पंचवीस-तीस वर्षे दर शनिवारी रात्री आम्ही चौघे रमी खेळतो. पैसे लावून खेळतो. पॉइंटचा दर ऐकाल तर हसाल, परंतु तो आहे. शिवाय क्रिकेटचा मोठा सामना असला की नाणेफेकीपासून पैजा लागतात आणि हरणाऱ्याने सर्वांना भजी खाऊ घालायची असा रिवाज आहे. चौघांपैकी एक निवृत्त मुख्याध्यापक, एक डॉक्टर, एक किराणा दुकानदार आणि चौथे आम्ही. यांपैकी कोणालाही तोंडावर जुगारी म्हटले तर तो हमरीतुमरीवर येईल. आणि हेच चौघे सकाळी फिरायला निघाले, वाटेत पानाच्या टपरीमागे आकडा लावायला उभा असलेला हमाल दिसला, की एकमेकांना म्हणतात, "जुगारानं वाटोळं केलं या लोकांचं." आज आम्हांला बोलायचे आहे ते या वाक्याबद्दल. त्या हमालाचा तो जुगार आणि आमचा तो विरंगुळा, ही रेघ कोणी आखली आणि ती कुठे आहे?

आपली भाषाही या बाबतीत दुटप्पी आहे. 'जुगार' म्हटले की नाक मुरडायचे आणि 'पैज' म्हटले की छाती पुढे काढायची. पैजेचा विडा उचलतात. जुगाराचा विडा उचलल्याचे कोणी ऐकले आहे? ज्ञानेश्वरांनी तर आपल्या मराठीच्या बळावर प्रत्यक्ष अमृताशी पैज लावली. या मानाच्या जागा पैजेला उगीच मिळालेल्या नाहीत. पैजेत माणूस स्वतःच्या अंगातील गुण पणाला लावतो. मी हा गड एका दमात चढेन, हे पोते एकटा उचलेन, असे म्हणणारा आपल्याच पायांवर आणि पाठीवर पैसे लावतो. सामन्यावर पैसे लावणारा दुसऱ्याच्या पायांवर लावतो. फरक मोठा आहे, पण त्यानेही रेघ पुरती आखली जात नाही. कारण आमची भजीची पैजही दुसऱ्याच्याच पायांवर असते.

मग धर्माकडे वळावे, तर तिथेही सोय होत नाही. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असे दुसरे नाव आहे. शिवपार्वतींनी त्या दिवशी द्यूत खेळले आणि पार्वती जिंकली अशी कथा सांगतात. कोजागिरीच्या रात्री जागून फासे खेळावेत असे व्रतातच सांगितले आहे. म्हणजे वर्षातून दोन दिवस खेळायला आपल्याला वडीलधाऱ्यांची परवानगी आहे. उरलेल्या दिवसांची ती आपण हळूच काढून घेतली, हा भाग निराळा.

आणि तरीही जुगाराचे दुःख आपल्या पूर्वजांइतके कोणी ओळखले नसेल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक सूक्त आहे, अक्षसूक्त. त्यात जुगारी स्वतःच बोलतो. बेहड्याच्या फळांचे फासे, ती आवडती बायको जी आता दूर गेली आहे, ती सासू जी दारात उभी करत नाही, आणि आता खेळणार नाही असा निश्चय केलेल्या माणसाच्या कानावर पडणारा फाशांचा आवाज. शेवटी त्याला शेत कसायला सांगितले आहे. उपदेश एवढाच, बाकी सगळा कबुलीजबाब. तीन हजार वर्षांनंतरही त्यातले एक अक्षर शिळे झालेले नाही. आम्ही ते तरुणपणी परीक्षेसाठी वाचले तेव्हा त्यातील व्याकरण पाहिले होते. सासू दोन वर्षांपूर्वी दिसली. तिचे कारण पुढे येईल.

महाभारतातील द्यूत तर सर्वांना पाठ आहे, पण त्यातल्या एका बारीक गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. सभेत पण लावणार दुर्योधन आणि फासे टाकणार शकुनी. तेव्हा युधिष्ठिर हरकत घेतो, की एकाने दुसऱ्याकरता खेळणे हे मला विषम वाटते. हरकत अगदी बिनतोड होती. ती घेऊन झाल्यावर तो खेळायला बसला! आमच्या मते धर्मराजाची चूक द्रौपदीला पणाला लावण्याच्या कितीतरी आधी झाली. समोर बसलेल्याचे काहीच जाणार नाही हे कळूनही तो पटावर बसला, तिथे.

कौटिल्य अधिक व्यवहारी. त्याने द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमला. खेळ एकाच ठिकाणी, फासे सरकारी, फाशांचे भाडे वेगळे, आणि जिंकणाऱ्याच्या रकमेतून शेकडा ५ राजाचे. आता पाहा, पटावर दोघे खेळतात, एक जिंकतो, एक हरतो, दुसऱ्या दिवशी उलटे होते. राजा मात्र रोज जिंकतो. आणि तो तर खेळतही नाही!

हा न खेळणारा तिसरा माणूस आजच्या जुगाराचा खरा धनी आहे. थोडे गणित करू. गणिताला घाबरू नका, भाजीच्या हिशोबापलीकडचे नाही.

मटका घ्या. त्याचा जन्मही मोठा गमतीचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि मिटता भाव तारयंत्राने मुंबईला येई आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ साली ते आकडे येणे थांबले. पण खेळणाऱ्यांना कापसाशी काय कर्तव्य? १९६२ साली वरळीत कल्याणजी भगताने मटका सुरू केला. मडक्यातून चिठ्ठी काढायची, पुढे पत्त्यांची तीन पाने काढून त्यांच्या बेरजेचा शेवटचा आकडा धरायचा. कापूस गेला, तारयंत्र गेले, मडकेही गेले. 'ओपन' आणि 'क्लोज' हे बाजाराचे शब्द मात्र राहिले, आणि लालबाग-परळच्या गिरण्यांच्या फाटकापासून ते आमच्या गावच्या टपरीपर्यंत पोहोचले. तर आकडे दहा, शून्य ते नऊ. तुमचा आकडा लागला तर रुपयाला नऊ रुपये. दहा माणसांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर मालकाकडे दहा जमले, नऊ गेले, एक राहिला. कोणता आकडा आला याच्याशी त्याला देणेघेणे नाही. रोज शंभर रुपये लावणारा हमाल सरासरीने रोज दहा रुपये देतो; कधी नऊशे घेऊन नाचत घरी येतो, पण वर्षाच्या शेवटी हिशोब तिथेच जातो.

क्रिकेटच्या सट्ट्यातही तेच. समजा, दोन संघ अगदी तुल्यबळ आहेत. रास्त भाव रुपयाला रुपया. बुकी मात्र दोन्हीकडे नव्वद पैसे देतो. तुम्ही एका संघावर शंभर लावले, आम्ही दुसऱ्यावर शंभर. आमचा संघ जिंकला तर आम्हांला आमचे शंभर आणि वर नव्वद. तुमच्या शंभरातले दहा कुठे गेले? सामना कोणीही जिंको, ते दहा ठरलेले. युरोपातल्या रूलेटच्या चक्रावर ३७ घरे असतात आणि आकडा लागल्यास एकाला पस्तीस देतात. तिथे मालकाचे शेकडा पावणेतीनाला थोडे कमी सुटतात, आणि तेवढ्यावर राजवाडे उभे राहतात.

समोरच्याला गणित येते आणि आपल्याला आशा येते. मटक्यात चार लावला आणि पाच आला की "थोडक्यात हुकलं" म्हणतात. पाच हा चाराच्या जवळ आणि नऊ लांब, हे कोणत्या मडक्याला ठाऊक आहे? तसेच "इतके दिवस लागला नाही, आता लागणारच" हे. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोला चक्रावर काळा रंग ओळीने २६ वेळा आला. लोक तांबड्यावर रक्कम वाढवीत गेले आणि धुऊन निघाले. चक्राला आठवण नसते. आठवण माणसाला असते, आणि तीही सोयीची. याविषयी आमच्याकडे पुरावा आहे, तो देतोच.

त्याआधी सरकार आणि न्यायालये यांच्याविषयी दोन शब्द. कारण ही रेघ आम्हां चौघांनाच आखता आली नाही असे नाही. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. तोच कायदा रेसकोर्सच्या कुंपणाच्या आत पैसे लावू देतो आणि कुंपणाबाहेर लावणाऱ्याला धरतो. १९६९ साली महाराष्ट्र सरकारने स्वतःची लॉटरी काढली. १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा केला, तो एक दिवसही अमलात आणला नाही, आणि २०२३ साली रद्द केला. शेजारी गोव्यात मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे शब्दकोड्यांच्या बक्षिसांचे प्रकरण आले. बंगलोरहून निघणारे एक पत्र मुंबई राज्यात खपत असे आणि त्यात प्रवेशफी घेऊन कोडी येत. दोन शब्द सारखेच चपखल बसावेत आणि त्यांतला 'बरोबर' कोणता ते आयोजकाने आधीच ठरवून ठेवावे, असा मामला. न्यायालय म्हणाले, हा जुगार आहे आणि जुगार हा व्यापार नव्हे. मुख्य न्यायमूर्ती दासांनी त्या निकालपत्रात अक्षसूक्ताचीही आठवण काढली आहे. दोनच वर्षांनी, १९५९ साली, दुसरे प्रकरण. दोघे भागीदार गव्हाच्या सट्ट्यात बुडाले आणि एक जण आपला वाटा देईना. न्यायालय म्हणाले, पैजेचा करार वसूल होणार नाही हे खरे, पण तो बेकायदेशीर नव्हे. भागीदाराचे देणे दे. (आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात मात्र १८६५ पासून असे आनुषंगिक करारही रद्दबातल ठरतात. वकील मंडळींनी नंतर आम्हांला गाठू नये म्हणून हे सांगून ठेवतो.) १९९६ साली न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. घोड्याचे कौशल्य आम्हांला मान्य आहे. पाहणाऱ्याचे किती, हे ज्याने त्याने आपल्या खिशाला विचारावे.

हा 'कौशल्य' शब्द ध्यानात ठेवा. त्याने आमच्या घरात शिरकाव केला.

आता पुरावा. शनिवारच्या बैठकीहून घरी आलो की आमच्या घरून विचारणा होई, "काय झालं?" आम्ही म्हणत असू, "थोडेसे सुटले." एकदा सौभाग्यवतींनी सहज चौकशी केली तेव्हा असे निघाले, की मुख्याध्यापकांच्या घरीही ते नेहमी जिंकतात, डॉक्टरांच्या घरीही, आणि दुकानदारांच्याही. त्या म्हणाल्या, "चौघेही जिंकता, मग हरतं कोण?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, म्हणून आम्ही वही केली. वर्षभर प्रत्येक बैठकीचा आकडा लिहिला. ४८ बैठका झाल्या. १९ वेळा जिंकलो, २९ वेळा हरलो, आणि एकंदर ६४० रुपये गेले. रक्कम क्षुल्लक. धक्का बसला तो निराळाच. वही उघडण्यापूर्वी आम्ही शपथेवर सांगितले असते की आम्ही फायद्यात आहोत. आम्ही बायकोशी खोटे बोलत नव्हतो. स्वतःशीच बोलत होतो, आणि ते इतक्या वर्षांत मुरले होते.

आमचा पुतण्या आमच्याच घरी राहून शिकला आणि इथेच नोकरीला लागला. लहानपणी तो शनिवारी आमच्या मागे बसून पाने लावायला शिकला. दिवाळीत त्याला चार रुपये देऊन आम्हीच तीनपत्तीला बसवला. क्रिकेटचे त्याला वेड, आणि ज्ञानही खरे. पुढे त्याच्या फोनवर ते खेळ आले, खेळाडू निवडून आपला संघ करायचा, थोडे पैसे भरायचे. जाहिरातीत लिहिलेले असे, की हा नशिबाचा खेळ नाही, कौशल्याचा आहे. एकदा त्याला अकरा हजार मिळाले. त्याने पेढे आणले. आम्ही पेढा खाल्ला, आणि चार माणसांत म्हणालो, "पोराला खेळ कळतो हं!"

तो पेढा अजून घशात आहे.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी आमच्या फोनवर एका अनोळखी माणसाने उर्मट भाषेत विचारले, अमक्याचे तुम्ही कोण? फोनवरूनच मिळणारी झटपट कर्जे त्याने घेतली होती, एकाचे फेडायला दुसरे, आणि सगळी रक्कम खेळात गेली होती. एक लाख छप्पन्न हजार. खेळाडू निवडायचे कधीच मागे पडले होते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पांघरुणात पत्ते चालत. त्याचे लग्न ठरले होते. मुलीच्या आईपर्यंतही एक फोन गेला आणि तिने दार लावून घेतले. सूक्तातली सासू आम्हांला दिसली ती अशी.

आम्ही त्याला समोर बसवून बोलू लागलो. बरेच बोललो. त्याने ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाला, "काका, तुम्हीही खेळताच की." आम्ही ताडकन म्हणालो, "आमचं वेगळं आहे!" आणि म्हणता म्हणता ती वही आठवली. "मग सांगितलं का नाहीस वेळेवर?" असे विचारले, तर तो म्हणाला, "आपल्या घरात कधी कोणी हरलंय का?"

यावर आम्ही पुष्कळ विचार केला. आमचे वेगळे आहे काय? आहे, असे आम्हांला अजूनही वाटते, पण ज्या कारणासाठी आम्ही ताडकन म्हणालो त्या कारणासाठी नाही. आम्ही शहाणे, संयमी, सुशिक्षित म्हणून नव्हे. एका शनिवारी आम्ही ओळीने सहा डाव हरलो आणि इरेला पेटून दर दुप्पट करा म्हणालो. तेव्हा दुकानदाराने पत्ते गोळा केले, पिशवीत घातले आणि म्हणाला, "उठा, घरी जा आता." आम्ही वाचलो ते आमच्या संयमाने नाही, समोरच्या माणसाने वाचवले. जो जिंकत होता त्यानेच पत्ते मिटले. आमचे नुकसान त्याला दिसत होते, आणि पुढल्या शनिवारी त्याला आमचे तोंड पाहायचे होते. मटकेवाल्याला हमालाचे घर दिसत नाही. फोनवाल्याला तर माणूसच दिसत नाही. पुतण्या हरून थांबला की त्याला निरोप येई, परत या, एवढे पैसे आमच्याकडून बक्षीस. हरणाऱ्याला घरी जा म्हणायचे सोडून हा त्याला भाडे देऊन परत बोलावतो!

म्हणून आम्ही आता विचारतो ते एवढेच, की समोर कोण आहे? तो हरू शकतो का? आणि आपण हरलो तर त्याला त्याचे काही वाटते का? भजीच्या पैजेला या कसोटीवर आम्ही पास करतो. लॉटरीला करत नाही, मग तिकिटावर सरकारचा शिक्का का असेना. रेसकोर्सच्या कुंपणाचाही आम्हांला फारसा आदर वाटत नाही. काही जणांना हे जाचक वाटेल, काहींना सैल वाटेल. आमचे मुख्याध्यापक तर म्हणतात की पैसा आला तिथे जुगार आला, आणि तरीही शनिवारी सर्वांत आधी तेच येतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. कौशल्य की नशीब हा भेदही त्यात ठेवला नाही, आणि शिक्षा खेळणाऱ्याला नसून खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला ठेवली. हे आम्हांला योग्य वाटते. त्या जाहिराती तीन वर्षे आधी थांबत्या तर आमच्या घरातले काही वाचते. पण मटका बंदीच्या कायद्याखालीच जन्मला आणि वाढला, हेही आपण विसरू नये. कायदा टपरी बंद करील. "थोडेसे सुटले" हे वाक्य तो कसे बंद करणार?

ते आम्ही आमच्यापुरते बंद केले आहे. शनिवारची वही आता घरात सर्वांना दिसेल अशी फडताळावर असते. पुतण्याचे कर्ज फिटत आले. त्यातले थोडे आम्ही दिले, बरेचसे तो पगारातून देतो आहे. त्याचे लग्न त्या मुलीशी झाले नाही.

गेल्या दिवाळीत पाडव्याला रिवाजाप्रमाणे पत्ते निघाले. घरची मंडळी, पाहुणे, मुले गोल करून बसली. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काका, मी नुसता बघतो." क्षणभर सगळे गप्प झाले. पत्ते आत ठेवावेत की काय असेही आमच्या मनात आले. मग आम्ही त्याला शेजारी जागा करून दिली आणि हिशोबाची वही त्याच्या हातात दिली. त्या रात्री आमचे सव्वीस रुपये गेले. झोपायच्या आधी त्यानेच आत हाक मारून सांगितले, "काकू, काका सव्वीस रुपये हरले."